प्रेमाने शिक्षा दिली जाईल

मास्तरांच्या खिशाला कलेजीचा वास यायचा. उकडलेली कलेजी, नखाएवढे तुकडे करून स्टीलच्या डबीत भरलेली, आणि ती डबी शर्टाच्या वरच्या खिशात, जिथे बाकीची माणसं चष्मा ठेवतात. अंधेरीला शिकवणी असली की घाटकोपरहून मेट्रोने जायचे, आणि ते बसले की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. त्यांना वाटायचं, लोक वयाचा मान राखतात. मी एकदा न राहवून म्हटलं, "मान कसला डोंबलाचा, मास्तर, वास मारतोय तुमचा खिसा." तर शांतपणे म्हणाले, "असूं दे. बसाक मिळतां ना?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कुत्र्यांचे. माणूस मालवणकडचा, किडकिडीत, सत्तरीला टेकलेला. बायको गेलेली, विक्रोळीला कन्नमवारनगरात एकटेच राहायचे. उभी हयात एका कारखान्याच्या पहारेकरी खात्यात काढली. तिथे कुत्र्यांचं पथक होतं, ते यांच्या हाताखाली. रिटायर झाल्यावर खाडीच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात रविवारी सकाळी लोकांची कुत्री शिकवायचे. आता त्या मैदानावर टॉवर उभा राहतोय आणि मास्तर गावी गेलेत, पण त्या मैदानात फाटकापासून काही पावलांवर एक फ्लेक्स होता तो मी विसरणार नाही.

झालं असं, की मास्तरांनी फ्लेक्सवाल्याला तोंडी मजकूर सांगितला, "येथे कुत्र्यांना प्रेमाने शिक्षण दिले जाईल." फ्लेक्सवाला जौनपूरकडचा. त्याच्या हिंदीत शिक्षण म्हणजे शिक्षा. त्याने छापलं, "येथे कुत्र्यांना प्रेमाने शिक्षा दिली जाईल." वर लाल बदामाचं चित्र. पहिल्याच रविवारी मुलुंडच्या एक बाई गाडीतून उतरल्या, बोर्ड वाचला आणि मास्तरांना म्हणाल्या, "लाज नाही वाटत? प्रेमाने मारता?" मास्तरांनी त्यांना बसवून सगळं समजावलं, पाणी दिलं, त्यांच्या लॅब्राडोरला कलेजी दिली. मी म्हटलं, बोर्ड बदला की. तर म्हणाले, "कशाक? एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि कुठला अर्थ लागू ते समोरच्याला विचारायचं असतं. माझा सगळा धंदाच हा आहे, बाई." बोर्ड शेवटपर्यंत तसाच राहिला.

माझी त्यांची गाठ पडली ती बंड्यामुळे. बंड्या म्हणजे आमच्या पंतनगरच्या गल्लीतला गावठी कुत्रा. माझी आई त्याला रोज पोळी घालायची. आई गेली, आणि तेराव्याच्या दिवशी हा तीन मजले चढून दारात येऊन बसला. मी घरात घेतला. लग्न मी केलं नाही, भाऊ पुण्याला. दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या दंडात सुया टोचते, लोक मला बघून तोंड फिरवतात. संध्याकाळी घरी आलं की कुणीतरी आनंदाने वेडं होतंय हे मला नवीन होतं. पण मी कामाला गेले की बंड्या जो भुंकायचा तो परत येईपर्यंत. सोसायटीच्या सेक्रेटरीने पत्र दिलं, दोन महिन्यांत बंदोबस्त करा. कुणीतरी मास्तरांचा नंबर दिला.

पहिल्या दिवशी मास्तर आले, चप्पल काढली, बंड्याकडे पाठ करून जमिनीवर फतकल मारून बसले आणि त्यांनी एक मोठ्ठी जांभई दिली. मी मनात म्हटलं, वाट लागली, हा झोपायला आलाय. बंड्या गॅसवाल्याला उंबरा ओलांडू देत नव्हता. तो गुरगुरला. मास्तरांनी पुन्हा जांभई दिली, भिंतीकडे बघत कलेजीचा एक तुकडा मागे टाकला आणि हात आवरून घेतला. हाक नाही, चुचकारणं नाही. दहा मिनिटांत बंड्या त्यांचा कान हुंगत होता.

"कुत्र्यांत जांभई म्हणजे, मी भांडायला आलेलो नाही," मास्तर म्हणाले. "आणि भित्र्याला कधी हाक मारू नये. डोळ्यांत बघू नये. पाठ द्यायची. पाठ दिली की त्याला वाटतं, ठीक आहे, हा आपल्याला धरणार नाही."

मग त्यांनी मोबाइल काढला, बंड्याचा फोटो काढला आणि कुणाला तरी पाठवला. मी विचारलं, "कुणाला हो?" माझ्या कुत्र्याचा फोटो, विचारणारच ना.

"मुलीला. दहिसरला असते."

"तिला आवडतात कुत्री?"

"माहीत नाही. बोलत नाही ती माझ्याशी. चौदा वर्षं झाली." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. वरपासून खालपर्यंत नुसती कुत्री. रोज सकाळी एक. एक अक्षर नाही. तिच्याकडूनही नाही. प्रत्येक फोटोखाली दोन निळ्या खुणा. "बघते. म्हणजे खाऊ घेते. हाताला लागत नाही अजून. पण येईल एक दिवस, एक शब्द तरी येईल. मला दुसरं काही नको आता."

शिकवणं त्यांचं अफाट होतं. पुस्तकी इंग्रजी शब्द त्यांना सगळे पाठ, पण वापरायचे नाहीत. बेरीज आणि वजाबाकी म्हणायचे. "एखादी गोष्ट घातली आणि खोड कमी झाली, ती बेरजेची शिक्षा. एखादी गोष्ट काढून घेतली आणि खोड कमी झाली, ती वजाबाकीची शिक्षा. आणि खोड कमी झालीच नाही तर ती शिक्षाच नाही, तुम्ही कितीही लाल झालात तरी." मी बंड्यावर "चूप!" म्हणून ओरडायचे, ते त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "भुंकणं कमी झालं का?" मी म्हटलं, "वाढलं." म्हणाले, "मग? त्याला वाटतंय, बाई पण सोबत भुंकतायत. किती बरं वाटत असेल त्याला."

मला हसू आलं आणि मग रडू आलं, कारण ते खरं होतं. त्या घरात मोठ्याने बोलायला आम्ही दोघंच होतो.

एकटं राहायला शिकवण्याचा धडा तर विचारूच नका. घराबाहेर जायचं, कडी लावायची, पाच आकडे मोजायचे, आत यायचं. मग दहा. मग वीस. निरोप घ्यायचा नाही, आल्यावर लाड नाहीत. मी निघताना बंड्याचं तोंड दोन्ही हातांत धरून "येते हं सोन्या, लवकर येते" असं पाच मिनिटं चालवायचे, ते सगळं बंद. तीन आठवडे मी रोज स्वतःच्याच दाराबाहेर जिन्यात उभी राहून आकडे मोजत होते. वरची वहिनी विचारायची, "चावी विसरलीस का गं?" आई गेल्यापासून मी त्या घरात जेवढ्यांदा शिरले नसेन तेवढ्यांदा त्या तीन आठवड्यांत शिरले. आणि एक दिवस दाराला कान लावला तर आत चिडीचूप.

मास्तरांकडे टिकटिक करायचं साधं बॉलपेन होतं. कुत्र्याने बरोबर केलं की त्याच क्षणी टिक, मग कलेजी. "टिक म्हणजे बरोबर. एक सेकंद उशीर झाला तर कुत्रा वेगळंच काहीतरी शिकतो," म्हणायचे. याचा असा फायदा झाला, की मुदत संपल्यावर सेक्रेटरी पाहणीला आला, वही उघडली आणि सवयीने पेन टिकटिकवलं. बंड्या बसला. त्याने पुन्हा टिकटिकवलं. बंड्या आडवा झाला, मग पंजा दिला, मग त्याच्या खिशाकडे बघत राहिला. सेक्रेटरी खूश. "अहो, हा तर माझं ऐकतो!" त्या दिवसापासून बंड्या सोसायटीचा लाडका. मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "बंड्याला कलेजी दिली का मग? नाही? फसवलंत बिचाऱ्याला," म्हणाले.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एरवी थंड असलेला माणूस तिथे भडकायचा. "सरळ कशाक करूचां आसा तेचा शेपूट? ती त्याची भाषा आहे! नळी घालणाऱ्याला अक्कल नाही असं कुणी म्हणत नाही."

ते भडकणं कुठून येतं ते मला नंतर कळलं. कारखान्यात असताना मास्तर जुन्या पद्धतीचे होते. आवळणारी साखळी, हातात छडी. एक अल्सेशियन होता, कुणी जवळ आलं की गुरगुरायचा. साहेब म्हणाले, हे गुरगुरणं बंद करा. मास्तरांनी महिन्याभरात बंद केलं. गुरगुरला की झटका, गुरगुरला की झटका. सगळ्यांनी पाठ थोपटली. नंतर तो कुत्रा एका सकाळी जराही आवाज न करता एका पहारेकऱ्याच्या हाताला चावला. "गुरगुरणं मारलं मी, भीती नाही मारली. तो सांगत होता तेव्हा तोंड बंद केलं त्याचं." त्या कुत्र्याला इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याची साखळी मास्तरांच्याच हातात होती. त्यानंतर त्यांनी छडी टाकली आणि वाचायला लागले.

मुलीची गोष्ट त्यांनी मला एकदम कधीच सांगितली नाही. एका रविवारी मैदानात सगळे गेल्यावर निघाली, तीही बंड्यामुळेच. बंड्या स्वयंपाकघराच्या दारावर पंजा मारून बिस्किट मागायचा. मास्तर म्हणाले, "उत्तर देऊ नका. ज्याला उत्तर मिळत नाही ते हळूहळू विझतं. पण ध्यानात ठेवा, विझायच्या आधी दिवा मोठा होतो. जोरात पंजा मारेल, रडेल, नाचून दाखवेल. तेव्हा घाबरू नका." मग म्हणाले, "माझ्या मुलीचा पण झाला होता मोठा."

मुलगी दहावीला होती. चाचणीत नापास झाली आणि प्रगतिपुस्तकावर तिने बापाची सही स्वतःच ठोकली. मास्तरांनी हात उगारला नाही. याचा त्यांना तेव्हा अभिमान होता. त्यांनी अबोला धरला. आठ महिने. एका खोलीच्या घरात आठ महिने तो माणूस पोटच्या मुलीशी एक शब्द बोलला नाही.

"पहिले दोन महिने ती खूप बोलायची माझ्याशी," मास्तर म्हणाले. "आधी कधी बोलत नसे एवढं. चहा आणून द्यायची, शाळेतल्या गमती सांगायची, माझ्यासमोर बसून मोठमोठ्याने अभ्यास करायची. एकदा माझ्या चपला धुतल्या. मी पेपर वाचत बसलो. मला वाटलं, लागू पडतोय उपाय. मग ती थांबली. बोर्डात फर्स्ट क्लास आली तेव्हा मी म्हटलं, शाब्बास. तिने आईकडे बघितलं. बस. शिक्षा संपली हे मला माहीत होतं, बाई, तिला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मग तेव्हाच माफी मागायची होती ना तुम्ही. एवढं काय कठीण होतं?"

"बाप होतो ना तेव्हा," म्हणाले. "आमची ही होती तोवर निरोप जायचे-यायचे. बाबांना सांग, ताट वाढलंय. तिला सांग, छत्री ने. ही गेली, आणि घरात निरोप न्यायलाच कुणी उरलं नाही. महिन्याभरात मुलगी दहिसरला खोली घेऊन गेली."

कुत्र्याला अबोला तीन सेकंदांचा, असं ते शिष्यांना सांगायचे. अंगावर उडी मारली, पाठ फिरवा, तीन आकडे, परत वळा, आणि चारही पाय जमिनीवर असतील तर खाऊ. "चौथा आकडा मोजायचा नाही," असं प्रत्येकाला बजावायचे. नवख्या लोकांना वाटायचं, म्हातारा फारच काटेकोर आहे.

मी त्यांना किती वेळा म्हटलं, सरळ फोन लावा तिला. दर वेळी एकच उत्तर, "भित्र्याला हाक मारायची नसते. अंतर तिने ठरवायचं." मला चीड यायची. पण त्या माणसाने माझं घर वाचवलं होतं, म्हणून मी तोंडाला कुलूप घालायचे, आणि माझ्या तोंडाला कुलूप हे सोपं काम नाही.

आणि मग तो रविवार. उन्हं वर आली होती, बाकीची मंडळी गेली होती. मी बंड्याला पट्टा लावत होते. मास्तर माझ्यासमोर उभे, एकदम ताठ झाले आणि ओठ न हलवता म्हणाले, "थंय बघू नुको. माझा चेडू इला हा."

चेडू म्हणजे मुलगी. मी अर्थातच बघितलं. फाटकात एक तिशीची बाई उभी होती. निळा कुर्ता, खांद्याला ऑफिसची बॅग, मास्तरांसारखंच लांब नाक. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली. तिने आत पाऊल टाकलं. मग आणखी काही पावलं. बोर्डाच्या जरा अलीकडे थांबली. एवढ्या लांबूनसुद्धा तिची बॅगेच्या पट्ट्यावरची मूठ मला दिसत होती.

आणि मास्तरांनी काय करावं? ते हळूच वळले, तिच्याकडे पाठ केली, आणि गुडघे धरत जमिनीवर बसले. खाडीकडे तोंड करून. आणि त्यांनी एक मोठ्ठी जांभई दिली.

"मास्तर!" मी दबक्या आवाजात म्हटलं. "अहो, उठा! बोलावा तिला!"

"श्श. येतली. वेळ द्यायचा."

"अहो, ती माणूस आहे!"

त्यांचे डोळे मिटलेले. खरं सांगते, तो माणूस त्या क्षणी त्याला येत होतं ते सगळ्यांत चांगलं करत होता. आयुष्यभर चुकून, पुस्तकं वाचून, शेकडो घाबरलेली कुत्री जवळ आणून जे शिकला होता ते सगळं त्याने त्या एका मुलीसमोर मांडलं होतं. आणि ती मुलगी बघत होती ती फक्त एक पाठ.

ती वळली. मी बंड्याचा पट्टा तिथेच टाकला आणि धावले. माझं वय आणि माझं वजन बघता मी बरीच धावले. फाटकाबाहेर तिला गाठलं. म्हटलं, "अगं, थांब. ते मुद्दाम नाही तसं बसलेत. घाबरलेल्या कुत्र्याला ते असंच... म्हणजे तुला नाही म्हणत मी... त्यांना वाटतं, हाक मारली तर तू जाशील."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काकू, ती पाठ मी ओळखते. आठ महिने तिच्याशीच बोलत होते मी."

"ते रोज तुझी वाट बघतात गं."

"माझी बदली झाली आहे, बंगळुरूला. बुधवारी जातेय. सांगून जावं म्हटलं." तिने रिक्षात बॅग आधी ठेवली, मग बसली. "त्यांनी जांभई दिली, काकू." एवढं म्हणाली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चलो भैया."

मी परत आले. मास्तर तसेच बसलेले, पाठ फाटकाकडे. बंड्या त्यांच्या मांडीला टेकून बसला होता. मला वाटलं, खोटं सांगावं. म्हणावं, घाईत होती, पुन्हा येईल. पण मला राग आला होता, त्यांचा आणि तिचा आणि कुणाकुणाचा. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाठ. आठ महिने. जांभई. बुधवार, बंगळुरू. एक शब्द गाळला नाही.

मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "जवळ किती आलेली?"

"बोर्डापर्यंत."

"बोर्डापर्यंत," असं स्वतःशीच म्हणाले आणि उठायला लागले. मी हात दिला. ते चालत सुटले. फाटकापर्यंत गेले, फाटकाबाहेर गेले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. तिथे तेव्हा एक पाण्याचा टँकर आणि एक भंगारवाल्याची गाडी सोडून काही नव्हतं. आणि त्या माणसाने, ज्याने मला दोन वर्षांत कधी आवाज चढवू दिला नव्हता, बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"गोऽ बाय! गो बाय माझ्याऽ!"

टँकरवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. तिसऱ्या हाकेला आवाज फाटला आणि ते खोकत राहिले. मी जाऊन त्यांचा दंड धरला. दिवसभर मी लोकांचे दंड धरते, इतका बारीक दंड कधी हाताला लागला नव्हता.

दम खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आयकाक गेला आसात गो तेका?"

रिक्षा जाऊन दहा मिनिटं झाली होती.

"ऐकू गेलं असेल, मास्तर," मी म्हटलं.